ओह्रिदला जायचंय? मग आधी क्रम नीट लावा: व्हिसापासून परतीच्या बसपर्यंत

ओह्रिदबद्दल विचारायला लोक फोन करतात तेव्हा बहुतेकांचं विमानाचं तिकीट काढून झालेलं असतं, तळ्याकाठची रूमही बुक झालेली असते, आणि मग हळूच प्रश्न येतो की व्हिसाचं काय करायचं हो. म्हणजे सगळं उलटं. नॉर्थ मॅसिडोनियातलं हे गाव फिरायला अवघड अजिबात नाही, पण इथं कुठली गोष्ट आधी करायची आणि कुठली नंतर हे चुकलं की पैसेही जातात आणि एखादा दिवसही जातो. चर्च किती जुनी आणि युनेस्कोने कधी काय जाहीर केलं ते कुठंही वाचायला मिळेल, इथं फक्त कामाचं लिहितेय. क्रमाने वाचा, मधूनच उडी मारू नका.

१. तारखा नंतर, व्हिसा आधी

भारतीय पासपोर्टवर नॉर्थ मॅसिडोनियाला व्हिसा लागतो. पण तुमच्याकडे चालू असलेला मल्टिपल एंट्रीचा शेंगेन सी व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच असलेला अल्प मुदतीचा व्हिसा) असेल तर वेगळा व्हिसा काढावा लागत नाही, प्रत्येक एंट्रीला १५ दिवसांपर्यंत राहता येतं. अट एकच, पण तीच लोक विसरतात: तुमचा तिथला मुक्काम संपल्यानंतरही शेंगेन व्हिसा निदान ५ दिवस शिल्लक असला पाहिजे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडाच्या चालू व्हिसावरही अशीच सवलत आहे, आणि जर्मनी-नेदरलँड्सकडे रेसिडन्स परमिटवर राहणाऱ्या आपल्या मंडळींनाही. यातलं काहीच नसेल तर नवी दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासातून व्हिसा काढायचा, आणि त्याला वेळ लागणार हे धरून चालायचं.

आता खरी गोम. नॉर्थ मॅसिडोनिया शेंगेनमध्ये नाही. म्हणजे तुम्ही ग्रीस फिरलात, तिथून ओह्रिदला गेलात आणि परतीचं विमान अथेन्सहून आहे, तर तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून परत आत शिरताय. सिंगल एंट्री व्हिसा असेल तर परतीचा दरवाजा बंद. हा घोटाळा इतका कॉमन आहे की मी आता पहिला प्रश्न हाच विचारते, व्हिसाच्या स्टिकरवर एंट्रीच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवा. तिथं एमयूएलटी लिहिलेलं असेल तरच पुढं बोलू.

सावध: विमान कंपनीच्या काउंटरवरच्या माणसाला हा १५ दिवसांचा नियम माहीत असेलच असं नाही. त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या साइटवरचं पान प्रिंट काढून पासपोर्टमध्ये ठेवा, आणि नियम बदलले नाहीत ना ते तिकीट काढायच्या आधी त्याच पानावर बघून घ्या. फोनवर दाखवू म्हणाल तर नेमकी तेव्हाच बॅटरी संपलेली असते.

व्हिसा मार्गी लागला की मग तारखा. मे अखेर ते जून आणि सप्टेंबर हा सगळ्यात सोयीचा काळ. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खा देश तिथं सुट्टीला येतो, त्यात १२ जुलै ते २० ऑगस्ट ओह्रिद समर फेस्टिव्हल असतो, रूम महाग होतात आणि काठावर टॉवेल टाकायला जागा नसते. १ मेच्या सुट्टीलाही तीच गर्दी. हिवाळ्यात गाव शांत आणि स्वस्त असतं, पण तळ्यावरच्या फेरीबोटी बंद आणि डोंगरात बर्फ, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हिवाळा टाळावा. मुक्काम किती? निदान तीन रात्री. राजधानी स्कोप्येहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत हा प्लॅन करूच नका, बसमध्येच सहा-सात तास जातात.

२. विमानतळ: दोन कोड, एक गोंधळ

भारतातून थेट विमान नाही. मुंबई-इस्तंबूल-स्कोप्ये हा सगळ्यात सरळ मार्ग. ओह्रिदला स्वतःचा विमानतळ आहे, कोड ओएचडी, पण तिथं मुख्यतः युरोपातल्या काही शहरांतून स्वस्त विमान कंपन्या येतात, त्याही सीझनप्रमाणे कमीजास्त. तुम्ही आधीच युरोपात असाल तर आधी हा पर्याय बघा, डोंगरातला बसप्रवास वाचतो.

गोंधळ कुठं होतो सांगते. स्कोप्येचा कोड एसकेपी आणि ग्रीसमधल्या थेसालोनिकीचा एसकेजी. त्यात थेसालोनिकीच्या विमानतळाचं नाव मॅसिडोनिया. सर्चमध्ये मॅसिडोनिया टाकलं, स्वस्त तिकीट दिसलं, काढलं, आणि उतरले ग्रीसमध्ये, म्हणजे शेंगेनमध्ये, म्हणजे पुन्हा वरचा एंट्रीचा सगळा हिशोब. थेसालोनिकीहून ओह्रिदला जाता येतं, बितोला शहरावरून रस्ता आहे, पण मध्ये बॉर्डर आहे आणि थेट बस सहज मिळत नाही.

गाडी भाड्याने घेणार असाल तर घेतानाच सांगा की दुसऱ्या देशात न्यायची आहे. ग्रीसमध्ये किंवा अल्बेनियात घेतलेली गाडी बॉर्डरपार न्यायला कंपनीची लेखी परवानगी आणि ग्रीन कार्ड नावाचा विम्याचा कागद लागतो, तो नसेल तर नाक्यावरूनच मागं फिरावं लागतं.

तपासा: तिकिटावर तीन अक्षरं कुठली आहेत? देशाचं नाव बघू नका, कोड बघा.

३. पैसे, सिम, विमा (निघायच्या आधीच)

तिथलं चलन देनार. एका युरोला साधारण ६१ देनार, हा दर वर्षानुवर्षं फारसा हलत नाही त्यामुळे हिशोब सोपा. रुपये नेऊन उपयोग नाही, कुणी घेत नाही. आपल्याकडच्या फॉरेक्स कार्डवर देनार लोड होत नाहीत, युरो लोड करा, आणि थोडे युरो रोख ठेवा. अपार्टमेंटवाले भाडं बऱ्याचदा युरोतच सांगतात, पण चर्चची तिकिटं, बस, बेकरी, बोटवाला, या सगळ्यांना देनारच आणि तेही रोख.

एटीएममधून काढताना मशीन विचारतं की रक्कम तुमच्या चलनात वळवू का. नाही म्हणायचं. देनारमध्येच काढायचं. हो म्हटलात की मशीनवाल्या बँकेचा दर लागतो आणि तो नेहमी तुमच्या तोट्याचा असतो. आणि एकदम ढिगाने काढू नका कारण उरलेले देनार देशाबाहेर कुणी बदलून देत नाही.

सिमचं असं आहे की युरोपियन युनियनचं फुकट रोमिंग इथं चालत नाही. जर्मनीतून जाणारे हमखास यात सापडतात, फोन चालू ठेवतात आणि बिल बघून हादरतात. ई-सिम घेताना युरोप असं नुसतं लिहिलेलं असेल तर देशांची यादी उघडा, त्यात नॉर्थ मॅसिडोनिया आहे का बघा. नाहीतर तिथं पोचल्यावर लोकल सिम घ्या, पासपोर्ट दाखवून मिळतं. आणखी एक, तळ्याच्या पलीकडे अल्बेनिया आहे, बोटीत किंवा दक्षिण टोकाला फोन कधी कधी अल्बेनियाचं नेटवर्क पकडतो, म्हणून रोमिंग ऑफ ठेवा.

विम्याचंही तेच. शेंगेनसाठी काढलेली पॉलिसी फक्त शेंगेन देशांपुरती असू शकते. कव्हर कुठल्या देशांना आहे ते पान वाचा.

४. रूम कुठं घ्यायची

फोटो बघून लोक जुन्या गावात वरच्या अंगाला रूम घेतात, बाल्कनीतून तळं दिसतं म्हणून. दिसतं खरंच. पण तिथं जायला दगडी फरसबंदीच्या चढाच्या गल्ल्या आहेत, काही ठिकाणी नुसत्या पायऱ्या, टॅक्सी दारापर्यंत जातेच असं नाही, आणि चाकाची बॅग त्या दगडांवर चालत नाही, उचलूनच न्यावी लागते. आईवडील बरोबर असतील, गुडघे दुखत असतील, तर हे करू नका. खालच्या सपाट भागात, म्हणजे बंदर आणि चिनार चौकाच्या आसपास राहा (चौकात जुनं चिनाराचं झाड आहे आणि तिथले लोकही त्याला चिनारच म्हणतात, पत्ता सांगायला बरं पडतं), तिथून जुनं गाव पाच-दहा मिनिटांवर आहे.

जुन्या गावातच राहायचं असेल तर बुक करण्याआधी मालकाला तीन गोष्टी विचारा: टॅक्सी कुठपर्यंत येते, तिथून पायऱ्या किती, आणि न्यायला कुणी येईल का. बहुतेक मालक स्वतः येतात, बॅगही उचलतात, माणसं चांगली आहेत. पण विचारलं तरच.

बस स्टँडवर उतरलात की रूम रूम करत माणसं येतात. सीझन नसेल तर चालतं, भाव करता येतो, पण आधी रूम बघा, मग पैसे. जुलै-ऑगस्टमध्ये त्या भरवशावर जाऊ नका.

५. स्कोप्ये ते ओह्रिद

ओह्रिदला रेल्वे नाही. बसच. अंतर साधारण १७० ते १७५ किलोमीटर, वेळ तीन ते साडेतीन तास. वाटेतल्या किचेवो गावाच्या पुढचा रस्ता डोंगरातला आणि वळणावळणाचा आहे, ज्यांना बस लागते त्यांनी गोळी स्कोप्येतच घ्यावी, वळणं सुरू झाल्यावर घेऊन काही उपयोग नसतो.

विमानतळ शहराबाहेर आहे, शटल बस किंवा टॅक्सीने आधी शहरातल्या मुख्य बस स्टँडला यायचं, तिथून ओह्रिदची बस. तिकीट खिडकीवर घेताना विचारा की बस किचेवोवरून जाते की बितोलावरून, कारण बितोलाचा रस्ता लांबचा आहे आणि कुणी आपणहून सांगत नाही. तुमचं विमान संध्याकाळी उशिरा उतरत असेल तर त्याच रात्री ओह्रिद गाठायचा हट्ट नको, स्कोप्येत राहा आणि सकाळची बस घ्या. सकाळी तासभर हाताशी असेल तर मदर तेरेसांचं स्मारक-घर शहराच्या मध्यभागीच आहे, त्यांचा जन्म स्कोप्येचाच.

बसवर पाटी सिरिलिकमध्ये असते. घाबरायचं कारण नाही, ओह्रिदची पाटी अशी ओळखा: पहिलं अक्षर इंग्रजी ओ, दुसरं एक्ससारखं, तिसरं पीसारखं. ओ-एक्स-पी दिसलं की तीच बस. तरी चढताना ड्रायव्हरला एकदा विचाराच.

तपासा: उतरल्या उतरल्या, बॅग हातात असतानाच, ओह्रिदच्या स्टँडवर परतीच्या बसच्या वेळांचा फोटो काढून ठेवा. सीझनमध्ये परतीचं तिकीटही तेव्हाच काढा. स्टँड जुन्या गावापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे, नुसत्या वेळा बघायला परत कोण जाणार.

स्टँडवरून टॅक्सी घेताना बसायच्या आधी भाडं ठरवा किंवा मीटर टाकायला सांगा. ओह्रिद विमानतळावरून येणाऱ्यांनाही हेच लागू.

६. पोचल्यावर आधी कागद

परदेशी माणसाची पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेलात ते आपोआप करतात. खाजगी अपार्टमेंट किंवा कुणाच्या घरी राहत असाल तर मालकाने करायची असते, आणि काही मालक विसरतात किंवा टाळतात. पहिल्याच संध्याकाळी स्पष्ट विचारा, नोंद केली का, आणि पावतीचा फोटो मागा. बहुतेक वेळा निघताना कुणी बघत नाही हे खरं, पण बघितलं तर भुर्दंड तुम्हालाही पडू शकतो.

मग बंदरावर एक चक्कर मारा आणि दुसऱ्या दिवशीच्या स्वेती नाउमच्या (तळ्याच्या दक्षिण टोकाची मोनॅस्टरी) बोटीची वेळ विचारून घ्या. का, ते पुढं येतंय.

७. जुनं गाव: वरून खाली उतरायचं

हा टप्पा सगळ्यात जास्त जण चुकवतात. सगळे बंदरापासून सुरू करतात कारण ते समोर दिसतं, मग ऊन्हात चढ चढत चढत किल्ल्यापर्यंत जातात तेव्हा अर्धा जीव गेलेला असतो आणि तिथून खाली चर्चला जायचं त्राण राहत नाही. उलट करा. टॅक्सीने थेट वरच्या वेशीपाशी जा, तिला गोर्ना पोर्ता म्हणतात, टॅक्सीवाल्याला एवढं म्हटलं की कळतं, भाडं किरकोळ असतं. तिथून पुढं जवळजवळ सगळा उतार.

क्रम असा ठेवा:

१) वेशीच्या आत लगेच पेरिब्लेप्तोस चर्च. इथली भित्तिचित्रं १२९५ ची आहेत आणि गावात एकच चर्च आतून बघायचं असेल तर हेच बघा असं माझं स्पष्ट मत आहे, फोटोत सगळीकडे दिसणारं कानेओचं चर्च बाहेरून सुंदर आहे पण आत बघण्यासारखं त्यामानाने कमी. समोरच आयकॉन गॅलरी आहे, तीही याच वेळी उरका.

२) तिथून दोन मिनिटांवर प्राचीन थिएटर. फेस्टिव्हलच्या दिवसांत इथं कार्यक्रम असतात, खुर्च्या आणि स्टेज लागलेलं असतं, तेव्हा रिकामं थिएटर बघायला मिळेल ही अपेक्षा ठेवू नका.

३) मग सामुइलचा किल्ला. इथपर्यंत थोडा चढ आहे, दिवसभरातला एवढाच. तिकीट आहे. आत फारसं काही नाही, तटावरून फिरायचं आणि तळं बघायचं. तटावर सगळीकडे कठडे नाहीत, लहान मुलांचा हात धरा.

४) किल्ल्यावरून पाइनच्या झाडीतली पायवाट खाली प्लाओश्निकला उतरते. संत क्लिमेंटचं चर्च इथं आहे, नवीन बांधलेलं, आणि आजूबाजूला उत्खननातले पाये आणि मोझेक.

५) तिथून खाली कानेओ. चर्चच्या वरच्या बाजूला पायवाटेवर एक उंचवटा आहे, सगळे फोटो तिथूनच काढलेले असतात. सूर्य तळ्यापलीकडे अल्बेनियाच्या डोंगरामागे मावळतो, त्यामुळे दुपारी तीनच्या सुमारास वरून सुरुवात केलीत तर उन्हाळ्यात वेळेवर इथं पोचता आणि अंधाराआधी बसायलाही वेळ मिळतो.

६) कानेओच्या पायऱ्या उतरून काठावर आलात की लाकडी पुलासारखी वाट पाण्यावरून, कड्याला धरून, जुन्या गावात परत आणते. ती कधी दुरुस्तीसाठी बंद असते. बंद असेल तर कानेओच्या काठावर छोट्या बोटी असतात, बंदरापर्यंत सोडतात, बसायच्या आधी माणशी किती ते विचारा.

७) शेवटी सेंट सोफिया बाहेरून, आणि मग त्सार सामुइल रस्त्याने खाली दोल्ना पोर्ता, म्हणजे खालची वेस, आणि चौक. सोफिया आतून बघायचं असेल तर ते सकाळी वेगळं ठेवा, संध्याकाळी पोचेपर्यंत बंद झालेलं असतं.

सावध: म्युझियम आणि तिकिटाची चर्च बरीचशी सोमवारी बंद असतात. हा फेरफटका सोमवारी ठेवू नका, सोमवार तळ्याला द्या. आत फोटो काढायला बहुतेक ठिकाणी मनाई आहे, आणि फ्लॅश तर नाहीच नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, एक ओढणी पिशवीत टाकली की झालं.

बुटांबद्दल एकच सांगते, सोल घट्ट पकडणारा हवा. ते दगड पायांनी घासून गुळगुळीत झालेत, पाऊस पडला की साधी चप्पल सरकते.

८. स्वेती नाउमचा दिवस

ही मोनॅस्टरी ओह्रिदपासून २९ किलोमीटर दक्षिणेला, अगदी अल्बेनियाच्या बॉर्डरला लागून आहे. चूक कुठली होते? लोक ही ट्रिप शेवटच्या दिवसावर ढकलतात. त्या दिवशी वारा सुटला, बोट रद्द झाली, की संपलं. म्हणून पोचल्याच्या दुसऱ्या दिवशीच हे करा, रद्द झालं तर हातात अजून एक दिवस असतो. जुनं गाव कुठं पळून जात नाही.

जायचे दोन मार्ग. पहिला, बंदरावरून मोठी बोट, सीझनमध्ये सकाळी निघते, एका बाजूला दीड तासाच्या आसपास लागतो, तिथं काही तास थांबून दुपारी परत. वेळ ठरलेली असते, तुमच्यासाठी थांबत नाही. दुसरा मार्ग बस, स्वस्त आणि लवकर पोचते, पण दिवसातून मोजक्याच आणि सीझन संपला की आणखी कमी. वाटेत पेश्तानीच्या पुढं बे ऑफ बोन्स म्हणून पाण्यावरच्या खांबांवर उभी केलेली प्रागैतिहासिक वस्तीची प्रतिकृती आहे, ती बघायची असेल तर बसने किंवा टॅक्सीने जावं लागतं. चार जण असाल तर टॅक्सी अर्ध्या दिवसासाठी ठरवणं मला जास्त पटतं, बे ऑफ बोन्स आणि त्रपेइत्सा गाव दोन्ही होतं आणि बसच्या मागं पळावं लागत नाही. ठरवताना थांबे आणि एकूण पैसे दोन्ही आधीच बोलून घ्या, मीटर चालू ठेवून वेटिंग लावू देऊ नका.

तिथं पोचल्यावर लोक सरळ मोनॅस्टरीकडे धावतात आणि मग झऱ्यांसाठी वेळ उरत नाही. आधी झरे करा. गेटातून आत गेल्यावर डाव्या-उजव्या बाजूची दुकानं आणि रेस्टॉरंट सोडा, जिथं वल्ह्याच्या होड्या बांधलेल्या दिसतील तिकडं जा. काळ्या द्रिम नदीचे झरे आहेत हे, गालिचित्सा डोंगरापलीकडे प्रेस्पा नावाचं दुसरं तळं जास्त उंचीवर आहे, त्याचं पाणी चुनखडीच्या दगडातून झिरपत डोंगराखालून इथं वर येतं. तळाची वाळू पाण्याच्या जोराने उकळल्यासारखी हलताना दिसते. मोटर लावायला बंदी, म्हणून वल्ह्यानेच. होडीत बसायच्या आधी दर माणशी आहे की होडीचा हे विचारा. हात घालून बघा, पाणी उन्हाळ्यातही बर्फगार असतं. इथं पोहायचं नसतं.

मग मोनॅस्टरी. आत चर्चमध्ये संत नाउमची कबर आहे, दगडाला कान लावला की हृदयाचे ठोके ऐकू येतात असं मानतात, रांग लागते, आपापलं ऐकावं आणि पुढं सरकावं. आवारात मोर फिरत असतात. मुलांना खायला टाकू देऊ नका, हातातलं हिसकावतात.

तपासा: परतीची बोट किंवा बस किती वाजता आणि कुठून, हे तिथं उतरताना पक्कं करा. शेवटची चुकली तर टॅक्सीवाला जो भाव सांगेल तो.

पोहण्याबद्दल इथंच सांगून टाकते. काठ बहुतेक ठिकाणी गोट्यांचा आहे, पाण्यातले बूट न्या. आणि तळं एकदम खोल होत जातं, सर्वांत खोल जागी २८० मीटरच्या वर, त्यामुळे पोहता येत नसेल तर कमरेच्या पुढं जाऊ नका.

९. खाणं, आणि शाकाहारी लोकांसाठी जरा जास्त

दोन शब्द पाठ करा. सो म्हणजे सहित, बेझ म्हणजे शिवाय. बेझ मेसो म्हणजे मांस नको, बेझ रिबा म्हणजे मासे नकोत. दोन्ही म्हणा, कारण नुसतं व्हेज म्हटलं की मासा चालेल असं काही जण धरतात. मेन्यूवर पोस्नो लिहिलेलं असेल तर ते त्यांच्या चर्चच्या उपासाचं जेवण, दूध-अंडी-मांस नसतं, पण मासा असू शकतो, म्हणून तिथंही विचारायचं.

काय मागवायचं: ताव्चे ग्राव्चे, म्हणजे मातीच्या भांड्यात भाजलेल्या, राजम्यासारख्या चांगल्या मोठ्या पांढऱ्या बिया. बहुतेक ठिकाणी शुद्ध शाकाहारी, पण काही जण वर सॉसेज ठेवतात, म्हणून बेझ मेसो. शोप्स्का सॅलड, भाजलेल्या लाल मिरच्यांचं आयवार, मिरची-टोमॅटोचं पिंजुर, पाव. सकाळी बेकरीत बुरेक (पातळ थरांची भरलेली पेस्ट्री), सो सिरेन्ये म्हणजे चीजचा, सो स्पानाक म्हणजे पालकाचा, सो मेसो सोडून द्या. बरोबर प्यायचं दही देतात, घट्ट ताकासारखं लागतं. ग्योमलेझे हा ओह्रिदचा खास पदार्थ, पीठ-पाणी-तेलाचे थरावर थर देऊन भाजतात, वेळ लागतो म्हणून अनेक ठिकाणी आधी सांगून ठेवावं लागतं. अंडं, कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र किचन असलेलीच रूम घ्यावी, बाजारात भाजी-फळं उत्तम मिळतात, कडधान्य-मसाला घरून न्या. नळाचं पाणी पितात तिथं, बाटल्या विकत घेत बसू नका.

मासे खाणाऱ्यांसाठी: ओह्रिदचा ट्राउट फक्त याच तळ्यात सापडतो आणि तो धोक्यात आहे, मासेमारीवर निर्बंध आहेत. मेन्यूवर स्वस्तात ट्राउट दिसला तर तो बहुधा पैदास केंद्रातला असतो, आणि तोच खा. खास अस्सल आणून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. माशाचा भाव बऱ्याच ठिकाणी किलोवर लिहिलेला असतो, प्लेटवर नाही. वजन करून आकडा सांगितल्याशिवाय तळायला देऊ नका.

१०. वेळ उरला तर: डोंगर किंवा अल्बेनिया

गालिचित्सा नॅशनल पार्कला बस नाही, गाडी किंवा टॅक्सी. रस्ता खिंडीपर्यंत जातो, थोडं पुढं-मागं झालं की एका बाजूला ओह्रिदचं तळं आणि दुसऱ्या बाजूला प्रेस्पा. तिथून मागारो शिखरावर, २२५४ मीटर, चालत जाऊन येता येतं, अर्धा दिवस धरा. डोंगर चुनखडीचा, वर पाणी मिळत नाही, सगळं खालून न्यायचं. दुपारनंतर ढग जमायला लागले की परत फिरा.

अल्बेनियात पोग्रादेत्सला जायचं असेल तर स्वेती नाउमहून बॉर्डर चालत ओलांडता येते, पलीकडे तुशेमिश्त गाव, तिथून टॅक्सी. पण उत्साहात पाय टाकण्याआधी पुन्हा पासपोर्ट उघडा. अल्बेनियात मल्टिपल एंट्रीच्या शेंगेन, अमेरिकन किंवा ब्रिटिश व्हिसावर जाता येतं, मात्र तो व्हिसा त्या देशात आधी एकदा वापरलेला असावा लागतो. आणि तुम्ही नॉर्थ मॅसिडोनियाच्या सिंगल एंट्री व्हिसावर आला असाल तर बाहेर पडलात की परत येता येणार नाही, तुमची बॅग ओह्रिदच्या रूमवर आणि तुम्ही पलीकडे.

११. खरेदी आणि निघणं

ओह्रिदचे मोती शिंपल्यातून निघत नाहीत. मण्यावर तळ्यातल्या प्लाशित्सा नावाच्या छोट्या माशाच्या खवल्यांपासून केलेला लेप देतात, एकावर एक थर, आणि ती कृती दोन घराण्यांनी स्वतःकडेच ठेवली आहे. रस्त्यावरच्या स्टॉलवर त्याच नावाने काचेचे-प्लॅस्टिकचे मणी मिळतात. दुकानातून घ्या, सर्टिफिकेट मागा, आणि परफ्यूम मारून वर माळ घालू नका, लेप खराब होतो. मोती नको असतील तर त्सार सामुइल रस्त्यावर हातकागद करणाऱ्यांचं दुकान आहे, तिथं करून दाखवतात, कागद हलका असतो, बॅगेत चुरगळू नये म्हणून नळीही देतात का ते विचारा.

शेवटच्या संध्याकाळी देनार मोजा. बस, टॅक्सी आणि नाश्त्यापुरते ठेवून बाकीचे गावातच युरोत बदलून घ्या, स्कोप्येच्या विमानतळावर रांग आणि दर दोन्ही वाईट. विमान संध्याकाळचं असेल तरी सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या बसनेच निघा, डोंगरात रस्त्याचं काम किंवा ट्रकमागं अडकलेली बस यात तास सहज जातो, आणि स्कोप्येच्या स्टँडवरून विमानतळाच्या शटलच्या वेळा आदल्या रात्रीच बघून ठेवा. ओह्रिदहूनच पहाटेचं विमान असेल तर टॅक्सी रूमच्या मालकाला सांगून आदल्या दिवशी ठरवा, त्या वेळेला रस्त्यावर एकही उभी नसते.